रामशेजचा किल्लेदार

आयुष्यातली तेहतीस वर्षे मी इतरांच्या कामातल्या चुका शोधण्यात घालवली, आणि त्याबद्दल सरकारने मला दरमहा पगार दिला. नाशिकरोडला नोटांचा छापखाना आहे. १९२८ सालापासून तेथे नोटा छापल्या जातात. छापून आलेला ताव समोर घ्यायचा, नजर वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे फिरवायची, कुठे शाई पसरली आहे, कुठे रेघ तुटली आहे ते हेरायचे आणि तसा ताव बाजूला काढायचा, एवढेच माझे काम. रोज लाखो रुपये माझ्या डोळ्यांखालून जात. संध्याकाळी पुणे रस्त्याने सायकल हाणीत घरी येताना खिशात मात्र भाजीपुरते सुटे पैसे असत. पण त्याची मला कधी खंत वाटली नाही. आपल्या नजरेतून काही सुटत नाही, या श्रीमंतीत मी खूश होतो.

माझे घर द्वारकेला. श्रीकृष्णाची द्वारका समुद्रात बुडाली असे पुराणे सांगतात. आमची द्वारका वाहनांत बुडाली आहे. मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याचा रस्ता इथे एकमेकांना भेटतात, आणि भेटल्यावर सहसा हलत नाहीत. वरून उड्डाणपूल गेला, तरी खालची गर्दी होती तशीच आहे. माझ्या लहानपणी हीच जागा गावाच्या टोकाला होती. आग्रा रस्त्याच्या कडेला वड होते, टांग्याचे घोडे त्यांच्या सावलीत उभे राहात, आणि आमच्या घरामागे मोकळी काळी माती होती. ती माती पुढे या हकिकतीत येणार आहे.

निवृत्त झालो तरी डोळे निवृत्त होत नाहीत. जेवणाच्या ताटात चकली आली की तिचा कुठला वेढा सुटला आहे हे मला आधी दिसते, तिची चव नंतर कळते. "ही चकली आहे, नोट नव्हे. खा मुकाट्याने!" असे आमच्या घरातून मला दर दिवाळीला ऐकावे लागते. सुनेने भिंतीला रंग दिला तर कोपऱ्यातला ओघळ मी दाखवतो. नातीने निबंध लिहिला तर वेलांट्या मोजतो. घरातली माणसे सोशीक आहेत. तरीसुद्धा मी खोलीत आलो की हातातले काम पाठीमागे लपवण्याची सवय सर्वांना लागली आहे, हे माझ्या ध्यानात आले होते. नेमकी ती चूक कुणाची, हे मात्र मी कधी तपासले नव्हते.

गेल्या दिवाळीत आमच्या वसाहतीत किल्ल्यांची स्पर्धा ठरली. अटी तीन. किल्ला नाशिक जिल्ह्यातलाच हवा, बाजारचा तयार किल्ला चालणार नाही, आणि किल्ल्यावरचे निदान एक चित्र घरातल्या माणसाने स्वतः रंगवलेले हवे. नातीने तिन्ही अटी वाचून दाखवल्या आणि कागदाची घडी घालता घालता म्हणाली, "आबा, चित्र तुम्ही रंगवायचं."

"मी? अगं, मी जन्मात कधी कुंचला धरला नाही!"

"पण तुम्हाला बारीक दिसतं ना?"

बारीक दिसणे आणि बारीक करता येणे यांत केवढे अंतर आहे, ते दहा वर्षांच्या मुलीला कसे समजावणार? शिवाय मी तिला सांगितले तेही खरे नव्हते. एकदा मी कुंचला धरला होता.

तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि दादा पंधरा. दर दिवाळीला घरामागच्या मोकळ्या जागेत दादा किल्ला करी. विटा रचायच्या, त्यांवर चिखलात बुडवलेले गोणपाट टाकायचे, वर माती थापायची, मोहरी आणि आळीव पेरायचे, आणि आरशाच्या तुकड्याचे तळे करायचे. यांतले माती आणण्याचे काम तेवढे माझ्याकडे असे. चित्रे मांडणे हा दादाचा अधिकार. कुंभारवाड्यातून आणलेले महाराज, भालदार, गवळण, वाणी आणि वाघ. महाराज एवढे उंच की दरवाजातून आत जायचे म्हटले असते तर त्यांना किल्ला पाडावा लागला असता. पण आम्हांला त्यात काही वावगे वाटत नसे. वाघासाठी तळाशी एक गुहा असे.

त्या वर्षी आदल्या दिवाळीतला एक रंग उडालेला मावळा मला अडगळीत सापडला. तो मी कुणालाही न सांगता रंगवला. अंगरख्याला चुना, पागोट्याला गेरू, कमरेच्या शेल्याला कपड्याची नीळ, आणि डोळ्यांना आईच्या डबीतले काजळ. कुंचला म्हणजे काडीला बांधलेला कापूस. काजळ डोळ्यांत थांबले नाही. ते दोन्ही गालांवरून खाली उतरले, आणि माझा शूर मावळा ओक्साबोक्शी रडणाऱ्या पोरासारखा दिसू लागला. तरीही मी तो दादाला नेऊन दिला. दादाने तो उलटसुलट करून पाहिला, काही बोलला नाही, आणि बुरुजावर ठेवला. मला आभाळ ठेंगणे झाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे अभ्यंगस्नान उरकून मी पळत किल्ल्यापाशी गेलो, तो मावळा बुरुजावर नाही. शोधला तेव्हा तो गुहेत सापडला. वाघाच्या मागे, भिंतीकडे तोंड करून. शेजारची मुले किल्ला पाहायला आली तेव्हा एकाने वाकून त्याला पाहिले आणि विचारले, "हा का रे रडतोय?" सगळे हसले. दादाही हसला.

एवढीच ती गोष्ट. मी पुन्हा कुंचला धरला नाही. दादाशी बोलणे टाकले असे नाही; आमच्यात भांडणही झाले नाही. दादाने माझी फी भरली, माझ्या लग्नात धावपळ केली. पण आपल्या हातचे काम दादाने लपवले, हे माझ्या मनात एखाद्या कुसळासारखे राहिले. पुढे मी ज्या नोकरीत रमलो तिच्यात मला स्वतः काही काढावे लागत नव्हते, फक्त दुसऱ्याने काढलेले तपासायचे होते. हा योगायोगच असेल कदाचित.

नातीपुढे माझे काही चालले नाही. किल्ला तिने निवडला रामशेज. नाशिकच्या उत्तरेला, दिंडोरीच्या रस्त्यावर आशेवाडीपाशी हा किल्ला आहे. वनवासात प्रभू रामचंद्रांनी येथे शेज केली म्हणून रामशेज, अशी कथा. दिसायला साधा. साल्हेरसारखा उंच नाही की हरिहरासारखा अवघड नाही. पण १६८२ साली औरंगजेबाच्या फौजेने त्याला वेढा घातला आणि तो वर्षानुवर्षे हाती आला नाही. एकामागून एक नामांकित सरदार आले आणि हात हलवीत गेले. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या. तेव्हा आतल्या लोकांनी झाडांचे ओंडके पोखरून, त्यांना कातडे मढवून लाकडी तोफा केल्या, आणि त्या डागल्या. हे आपल्या एखाद्या पोवाड्याने नव्हे, तर खाफीखान या मोगलांकडच्या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. शत्रूने केलेली स्तुती म्हणून ती अधिक गोड लागते. किल्ला अखेर गेला तो लढून नव्हे, तर पैशाच्या जोरावर, आणि तेव्हा किल्लेदारही दुसरा होता.

ज्याने तो इतकी वर्षे झुंजवला त्या पहिल्या किल्लेदाराचे मात्र नावसुद्धा इतिहासाला निश्चितपणे माहीत नाही. चेहरा तर कुणीच पाहिलेला नाही. "मग आपण त्यालाच करू," नात म्हणाली. कुंभारवाड्यातून तिने एक बिनरंगाचा मावळा आणला. चार बोटे उंच, शाडूचा, एक गुडघा टेकून बसलेला. शेजारी तोफ. ती तिने मोडक्या लाटण्याची केली आणि तिला माझ्या जुन्या पाकिटाचे कातडे गुंडाळले. निर्णय घेताना तिने पाकीट रिकामे आहे की नाही एवढेच पाहिले होते.

मुलाने मला परदेशातले लोक अशी कामे कशी करतात ते दाखवले. मी थक्क झालो. बोटाएवढे योद्धे, राक्षस, पंखांचे अजगर रंगवण्यात तिकडे कर्ती माणसे रात्री घालवतात. महिन्याभरात अमुक एक बाहुला रंगवून दाखवा असे एकमेकांना आव्हान देतात, आणि ते जिवाच्या करारावर पुरे करतात. हे वेड जुने आहे. एच. जी. वेल्ससारख्या जगप्रसिद्ध लेखकाने १९१३ साली खेळण्यातल्या शिपायांच्या लढायांवर एक सबंध पुस्तक लिहिले होते. ते वाचून मला धीर आला. वेल्सला लाज वाटली नाही, तर मग मला कशाला वाटावी?

तुम्ही म्हणाल, चार बोटांच्या मातीच्या बाहुल्याला रंग द्यायला असे किती शिकावे लागणार? मलाही तसेच वाटले होते. पहिला सबंध दिवस साच्याची शिवण घालवण्यात गेला. दोन अर्धे साचे जिथे मिळतात तिथे एक रेघ राहते. ती कानावरून, खांद्यावरून, थेट टाचेपर्यंत गेलेली असते. ती वाळूकागदाने हलक्या हाताने घासायची. जोर जास्त झाला की शिवणीबरोबर कानही जातो. मग पांढरे अस्तर, तेही पातळ आणि दोनदा. नंतर रंग. रंग दुधाइतका पातळ हवा. दाट लावला की नाकडोळे त्याखाली बुजतात. आधी अंगाचा वर्ण, मग अंगरखा, मग शेला, शेवटी शस्त्रे. म्हणजे आपण कपडे चढवतो त्याच क्रमाने.

दोन युक्त्यांनी तर मला वेड लावले. तपकिरी रंग पुष्कळ पाण्यात कालवून अंगरख्यावर सोडला की तो आपण होऊन चुण्यांत जाऊन बसतो आणि तिथे सावली पडते. नंतर कुंचला जवळजवळ कोरडा करून उंचवट्यांवरून नुसता फिरवला की तिथे उजेड येतो. सावली आणि उजेड पडले, आणि मातीचा गोळा श्वास घेऊ लागला. रात्री अकरा वाजता मी भिंग घेऊन त्याच्याकडे पाहात बसलो होतो. भिंग तेच, पण त्यातून मी पहिल्यांदाच चूक सोडून दुसरे काहीतरी पाहात होतो.

मग डोळे आले. डोळे शेवटी करायचे. निखळ पांढरा रंग भरू नये, त्याने चित्र घाबरलेले दिसते. त्यात किंचित तपकिरी मिसळावा. दोन्ही कोपरे मेजावर टेकवावेत, मनगटाला मनगट टेकवावे, आणि श्वास सोडता सोडता कुंचला लावावा. हे सगळे मी केले. उजवा डोळा असा उतरला की मी स्वतःवर खूश झालो. डाव्याच्या वेळी हात थरथरला. सत्तरीच्या उंबरठ्यावरचा हात. त्याला बोल लावण्यात अर्थ नव्हता. वरची पापणी खाली आली, आणि तो डोळा अर्धा मिटला.

मी पुसून पुन्हा केला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पुसला तर खालचे अस्तर निघाले असते. घरात सगळे निजले होते. मेजावरच्या दिव्याखाली तो किल्लेदार माझ्याकडे दीड डोळ्याने पाहात होता, आणि मी नऊ वर्षांचा झालो होतो. छापखान्यात असा ताव आला असता तर क्षणाचाही विचार न करता मी बाजूला काढला असता. उद्या कुंभारवाड्यातून दुसरा मावळा आणावा, हा अडगळीत टाकावा, असे मी ठरवले. आणि खरे सांगायचे तर तो मी कागदात गुंडाळलाही.

पाणी प्यायला उठलेली नात मागे उभी होती. "आबा, काय लपवताय?"

लपवण्याची पाळी आता माझ्यावर आली होती. मी कागद उलगडला. तिने मावळा उचलून दिव्यापाशी धरला, मग लाटण्याच्या तोफेशेजारी ठेवला, मान वाकडी केली आणि म्हणाली, "अय्या! नेम धरतोय!"

मी पाहिले. तोफेच्या मागे एक गुडघा टेकून बसलेला तो किल्लेदार एक डोळा बारीक करून खरोखरच खाली मोगलांच्या छावणीवर नेम धरीत होता. मी मुद्दाम ठरवून काढायला गेलो असतो तर हे मला साधले नसते. त्या रात्री पलंगावर पडल्यावर माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. नोट तपासता येते, कारण तिची मूळ प्रत असते. तिच्याशी ताडून पाहिले की चूक दिसते. या किल्लेदाराची मूळ प्रत कुठे आहे? त्याचा चेहरा कुणी पाहिला आहे? मग तो चुकला असे ठरवणारा मी कोण?

स्पर्धेत आम्हांला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. किल्लेदार बुरुजाहून उंच झाला आहे, असे परीक्षकांचे मत पडले, आणि ते मला मान्य आहे. नातीला ते मुळीच मान्य नाही.

भाऊबिजेला दादा आला. तो पुण्याला मुलाकडे असतो. पंचाहत्तर उलटली, काठी घेऊन चालतो. ताईच्या घरचा जिना त्याला चढवत नाही, म्हणून अलीकडे ताईच आमच्या घरी येऊन आम्हां दोघांना ओवाळते. ओवाळणे झाले, फराळ झाला, आणि नात त्याला हाताला धरून खाली किल्ला दाखवायला घेऊन गेली. मीही मागोमाग गेलो. ताईही आली.

दादा काठीवर रेलून पुष्कळ वेळ पाहात राहिला. मग म्हणाला, "चित्र कुणी रंगवलं?"

"आबांनी!"

"बाळनं?" दादा माझ्याकडे वळला. "मग हा बाहेर का रे ठेवलास? पाऊसबिऊस आला तर?"

मला कळेना. "याचा रंग पक्का आहे, दादा. पाण्यानं जात नाही."

"हां, मग हरकत नाही. तो तुझा मावळा पाण्यातल्या रंगाचा होता. गेरू आणि नीळ." तो नातीला सांगू लागला, "तुझ्या आजोबांनी लहानपणी एक मावळा केला होता. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री अवचित पाऊस आला. बाजारच्या चित्रांवर रोगण असायचं, त्यांना काही होत नसे. याचा मावळा तेवढा धुऊन गेला असता. मग मी अंधारात उठून गेलो आणि तो वाघाच्या गुहेत ठेवला. अगदी आत, भिंतीशी. झोत तोंडावर येऊ नये म्हणून पाठमोरा. तरी काजळ ओघळलं होतंच थोडं."

मी काहीच बोललो नाही. काजळ आधीच ओघळले होते, हे मला पक्के ठाऊक होते. ते मी दादाच्या हातात देतानाच ओघळलेले होते. पण पाऊस? त्या रात्री पाऊस आला होता का? सकाळी माती ओली होती का? मी डोळे मिटून ती पहाट आठवू लागलो. उटण्याचा वास आठवला, थंडी आठवली, गुहेतला वाघ आठवला. मातीचे काही केल्या आठवेना. पाऊस खराच आला असेल. किंवा साठ वर्षांनंतर, माझा चेहरा पाहून, दादाने तो आत्ता पाडला असेल. दादा पहिल्यापासूनच तसा आहे. दुसऱ्याला झाकून घेण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही.

ताई शेजारीच उभी होती. आमच्या घरात काहीही अडले की ताईला विचारायचे असा रिवाज आहे. कोणत्या दिवाळीला कुणाला कोणते कापड घेतले, कुणाची मुंज कोणत्या तिथीला झाली, सगळे तिला पाठ. "ताई, त्या वर्षी पाऊस होता का गं?" एवढे विचारायचा अवकाश, की खरेखोटे झाले असते. प्रश्न माझ्या ओठांपर्यंत आला होता. तेहतीस वर्षांची सवय!

दादा वाकून किल्लेदाराच्या दीड डोळ्याकडे पाहात होता. "नेम धरलाय वाटतं," तो म्हणाला. त्याला हे कुणी सांगितले नव्हते.

मी ताईला म्हणालो, "चल, चहा घेऊ. दादाला गार वारा सोसत नाही."

आयुष्यात एवढा एकच ताव मी न तपासता पुढे जाऊ दिला.